भिंतीपलीकडच्या चिंबोऱ्या

नाशिकहून निघालेली बोईसरची एसटी जव्हारचा घाट उतरू लागली, तेव्हा खिडकीतून ते आभाळ पहिल्यांदा दिसलं. मे संपत आला होता, पण उन्हाचा रंग नेहमीचा नव्हता; कावीळ झाल्यासारखं पिवळं ऊन पडलं होतं. शेजारी बसलेल्या पाड्यावरच्या बाईने बाहेर बोट दाखवलं. "कावल्याचं घरटं बगा. शेंड्यावर नाय, खोडाला चिकटून बांदलंय. यंदा वारा वाईट हाय."

निवृत्त झाल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, आणि असलं काही ऐकायला मिळालं की मला गंमत वाटते. मी हसले. ती हसली नाही. विक्रमगडला उतरली आणि आभाळाकडे न बघता खालमानेने चालू लागली.

माझा भाचा नितीन बोईसरच्या एका कारखान्यात आहे. तो आणि त्याची बायको वैशाली सालवडला दोन खोल्यांत राहतात. मी पोचले तेव्हा नितीन शिफ्टच्या बससाठी पळत होता आणि वैशाली फोन कानाला लावून रडकुंडीला आली होती. तिचे वडील लक्ष्मणबाबा दातिवऱ्याला अगदी किनाऱ्याच्या घरात एकटे राहतात. वादळाचा इशारा आला होता, किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी गावच्या शाळेत जायचं होतं, आणि म्हातारा जागचा हलायला तयार नव्हता.

"मावशी, तुमी चला माज्यासंगं," ती म्हणाली. "पावण्यापुढं बाबाला हट्ट करता येत नाय."

फिरायलाच तर आले होते. पिशवी खाली न ठेवताच निघाले.

सफाळ्याहून रिक्षा केली. वाटेत वाऱ्याने रिक्षाचा पडदा फाटून माझ्या तोंडावर आपटला आणि चष्म्याची एक काडी मोडली. पुढचा प्रवास चष्मा हाताने धरून केला. रिक्षावाल्याने आम्हाला वेशीवरच उतरवलं. भाडं घेताना त्याची नजर समुद्राच्या दिशेला होती.

गावात शिरलो तर वारा अचानक पडलेला. माडाची झावळीही हलत नव्हती. वलांडीवर (बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडणीवर) थोडे बोंबील तसेच राहून गेले होते, पण त्यांच्यावर टपलेला एकही कावळा दिसला नाही. वैशालीने माझा दंड घट्ट धरला.

लक्ष्मणबाबांचं घर बसकं, कौलारू. मागे समुद्र, पण तो दिसत नाही. मध्ये पुरुषभर उंचीची सिमेंटची गुळगुळीत भिंत आहे. बाबांनी आमचं शांतपणे स्वागत केलं, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील पुढे ठेवले. बोंबील इतके सुरेख होते की मी कशासाठी आले ते क्षणभर विसरलेच.

"बाबा, शालेत चला," वैशाली म्हणाली.

"चिंबोऱ्या नाय आल्या अजून."

चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. मोठं वादळ यायचं असलं की ते समुद्र सोडून अंगणात येतात, उंबऱ्यावर चढतात, आणि मग घर सोडायचं, असं बाबांच्या आजापासून चालत आलेलं. बाबांनी स्वतः दोनदा असं घर सोडलं होतं, आणि दोन्ही वेळा वाचले होते.

"फोनवर सांगतायत ना," मी म्हणाले.

"फोन दरसाल वरडतो, ताई. काय व्हत नाय. चिंबोरी खोटं बोलत नाय. ती आली की मी निगालोच."

मला त्यांचा राग आला. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता आणि हा माणूस खेकड्यांची वाट बघत बसला होता. भांडण करायला नको म्हणून मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले.

तिथे तो आवाज ऐकू आला. सुपात तांदूळ पाखडावेत तसा, पण न थांबणारा. आधी वाटलं, पाऊस. अंगण कोरडं होतं. आवाज भिंतीच्या पलीकडून येत होता, खालून, सगळ्या लांबीभर. उलटं ठेवलेलं पिंप भिंतीशी सरकवून मी त्यावर चढले आणि चष्मा धरून वाकले.

पलीकडे वाळू दिसतच नव्हती. भिंतीच्या पायाशी खेकड्यांचा ढीग लागला होता. एकावर एक चढत होते, सिमेंटवर नांग्या घासत होते, घसरून पडत होते आणि पुन्हा चढत होते.  

घरात येऊन मी कसंबसं सांगितलं. बाबा पिंपावर चढले आणि भिंतीवरून वाकून बघितलं.

"आल्या व्हत्या," ते हळू म्हणाले. "कवाच्या आल्या व्हत्या. ही भिंत मीच मागितलेली. दर्या घर खातोय म्हणून रडलो, अर्ज केले."

खाली उतरले, अंगात सदरा चढवला आणि दार न लावताच आमच्यापुढे चालू लागले. आम्ही शाळेच्या पायरीवर पोचलो तेव्हा वारा पुन्हा सुटला.

सकाळी परत आलो तर भिंत उभी होती. समुद्र तिच्यावरून आत येऊन गेला होता. स्वयंपाकघर नव्हतं, बाबांची खाट नव्हती. वैशाली त्यांना बिलगून रडली. मीही रडले, आदल्या दिवशीच्या रागाची लाज वाटून.

नाशिकला आले. ओळखीच्यांना बोंबलांचं कौतुक सांगते, तो आवाज मात्र सांगता येत नाही. पंधरवड्याने वैशालीचा फोन आला. बाबांनी पहार घेऊन भिंतीला तळाशी वीतभर भोक पाडलं होतं.

"अगं, त्यातून पाणी येईल ना?"

"येलच. मी बोलले. ते बोलतात, येऊ दे, पर खबर तरी येल." मग ती म्हणाली, "मावशी, काल सांजचं एक चिंबोरी आली. उंबऱ्यावर बसली, ती अजून तितंच हाय."

"एकच?"

"एकच. बाबा समोर बसून हाय. एक आली तर काय समजायचं, ते त्यानला पन ठाव नाय."