नावेवर गाडीतून उतरणारी अक्का

अक्का गेली, तरी माझा भाऊ अण्णा अजून तिचा नावेवरचा किस्सा सांगतो. लग्नात, बारशात, कुठेही. लोक हसतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून माझी अक्का कशी होती ते मीच सांगते.

अक्का आम्हा भावंडांत थोरली. बीदरला नौबादमध्ये एकटी राहायची, मराठी शाळेत शिकवायची. बोलणं फटकळ. वर्गात समुद्र शिकवायचा झाला की अख्खा फळा निळ्या खडूने रंगवायची. स्वतः मात्र समुद्र पाहिलेला नव्हता. "रिटायर झाले की आधी समुद्र बघणार, मग गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे," म्हणायची.

तिचा एक नियम होता. गाडी नावेवर चढायची असेल तर आधी ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. नोकरीच्या पहिल्या गावी भीमेत एक जीप नावेवरून घसरली होती. आत बसलेल्या बाईला दार उघडता आलं नाही. अक्काने ते काठावरून पाहिलं होतं. अण्णाला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

अण्णाने नवी गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला आणि आम्ही विजापूर, बदामी बघायला निघालो. गाणगापूरला दर्शन झालं. पुलाचा रस्ता लांबचा म्हणून त्याने भीमेवरची नाव धरली. दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या, मागे इंजिन. अक्का आणि मी उतरलो. अण्णा आणि वहिनी काचा लावून गारव्यात बसून राहिले.

अक्का गाडीपुढे जाऊन उभी राहिली. "उतरा दोघं. नाव म्हंजे काई सडक न्हाई."

"अक्का, ऊन किती हाय! लोक बघायलेत. कामून तमाशा करायलीस?"

"बघू दे. तुला बुडताना बघण्यापरीस हे बरं."

ती हलली नाही. शेवटी दोघं उतरले. ड्रायव्हरने गाडी फळ्यांवर चढवली, नाव पलीकडे गेली, काहीही झालं नाही. आणि हेच अण्णाच्या हाती सापडलं. "काई झालं का? झालं का काई?" बदामीपर्यंत हेच चाललं होतं. पुढे अक्काला पाण्याची भीती वाटते असं घरोघर झालं. भीती! समुद्रासाठी जीव टाकणाऱ्या बाईला!

ती रिटायर झाली त्या वर्षी कोकणची सहल ठरली. मी गुलबर्ग्याहून भालकीला अण्णाकडे आले. अक्काने आदल्या दिवशीच बसच्या कंडक्टरजवळ शेंगापोळ्यांचे आणि चटणीचे डबे पाठवले होते. पहाटे अण्णा म्हणाला, "अक्काला रातच्याला ताप आलाय. ती येईना." गाडीत माझ्या शेजारी ते डबे ठेवले होते.

कोकणात खाडीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग होती. फेरीबोट पलीकडून यायची होती. मी अक्काला फोन लावला आणि ताप उतरला का विचारलं.

"ताप? कुणाला?" ती म्हणाली. "अण्णा तर म्हणला, गाडीत जागा न्हाई."

मी शेजारच्या डब्यांकडे बघितलं. डोकंच फिरलं. तेवढ्यात बोट लागली. शिट्टी वाजवत बोटीवरचा माणूस ओरडला, "ड्रायव्हर सोडून सगळे खाली! गाडीत कोणी बसायचं नाही!"

अण्णाने गाडी ड्रायव्हरवर सोडली आणि निमूट उतरला. वर वहिनीला हात देऊन उतरवलं. ऊन तिथेही होतंच.

"आता कामून उतरलास?" मी भर रांगेत ओरडले. "बस की आत! काच लाव!"

"अगं, इथं नियमच हाय तसा."

"आणि अक्का काय सांगत होती? बिनकामाचं बडबडत होती? तिला घरी बसवलंस, तिचे डबे तेवढे आणलेस. लाज वाटू दे जरा!"

लोक वळून बघत होते. फोन चालूच होता. अक्काने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तीही भडकेल.

"उतरलात का सगळी?" तिने विचारलं.

"व्हय अक्का."

"बरं केलात. आता समुद्र कसा दिसायलाय सांग."

पुढची सहल तिला लाभली नाही, समुद्र न बघताच ती गेली. त्या दिवशी खाडीचं पाणी गढूळ, तपकिरी होतं. मी अण्णाच्या तोंडासमोर उभी राहून, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "निळा हाय अक्का. तुझ्या फळ्यासारखा."

अण्णाच्या किश्श्यात एवढं नसतं.