कामठीची खळ आणि सावकाश फिरणारा पंप

पंपांच्या दुकानात मी इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा माझं काम टेबलापुरतं होतं. फोन घ्यायचा, गिऱ्हाईक किती हॉर्सपॉवर म्हणतंय ते ऐकायचं आणि कोटेशन पाठवायचं. कारखान्यांत जायला पुरुष होते. आमचे शेठ वाईट माणूस नव्हते. बाईला बॉयलरच्या उकाड्यात कशाला पाठवायचं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

एकदा कामठीहून एका काकूंचा फोन आला. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांचे दीर मिळून सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ चढवायचा कारखाना चालवत होते.

"मले मोठा पंप पायजे," त्या म्हणाल्या. "आहे त्याच्याहून मोठा. खळ सुताले लागूनच नाही राहिली."

मी विचारलं, "खळ किती घट्ट असते काकू? आणि पंपात जाते तेव्हा किती गरम असते?"

त्या म्हणाल्या, "हे आजवर कोणी विचारलं नाही. तूच येऊन पाह्य ना, पोरी."

बाहेरची कामं पाहणारी आमची माणसं त्या दिवशी चंद्रपूरला गेली होती. शेठनी नाइलाजाने मान हलवली. बेसाच्या आमच्या दुकानातून निघून अख्खं नागपूर ओलांडत मी स्कूटीवर कामठी गाठली.

मागावर चढण्याआधी सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर मागाच्या आपटण्याने ते तुटतं. आपण सुती साडीला कांजी करतो, तसाच प्रकार. इथे ती मोठ्या टाकीत वाफेवर शिजत होती. पंप ती पाइपातून पुढच्या कुंडात ढकलत होता, आणि ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, हजारो धागे त्या कुंडात बुडून, पिळून, वाळून मोठ्या रुळावर गुंडाळले जात होते. कारखान्यामागे काकूंचेच माग होते. तिथे मी थोडा वेळ उभी राहिले. धागा तुटला की माग थांबायचा. विणणारी बाई एका मागावरचा धागा सांधते न सांधते, तोवर शेजारचा थांबायचा. तिच्या चहाच्या ग्लासावर साय धरली होती.

"सूत बदललं, स्टार्च बदललं," दीर म्हणाले. "खळ चढूनच नाही राहिली धाग्यावर. पंप कमजोर आहे, दुसरं काय?"

पंप मुळीच कमजोर नव्हता. उलट कामाच्या मानाने तो फार मोठा होता. पाणी उपसायचा, भन्नाट वेगाने फिरणारा पंप. तो एवढी खळ फेकायचा की कुंड भरून वाहील, म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून उरलेली खळ दुसऱ्या पाइपने परत टाकीत सोडली होती. म्हणजे तीच खळ त्याच पंपातून पुन्हा पुन्हा घुसळली जात होती.

मी दोन भांडी मागवली. एकात टाकीतली ताजी खळ घेतली, दुसऱ्यात कुंडातली. दोन्ही एकाच गरम पाण्याच्या परातीत ठेवली, म्हणजे सारखीच गरम राहतील. मग एकाच नरसाळ्यातून आळीपाळीने सोडली. टाकीतली खळ लोळत, रेंगाळत उतरली. कुंडातली ताकासारखी सर्रकन निघून गेली. एवढी पातळ खळ धाग्यावर टिकणार कशी?

दीर म्हणाले, "वाफेचं पाणी मिसळत असेल."

शंका रास्त होती. मी काकूंना विचारलं, "घरी मिक्सर आहे?"

घर वरच्याच मजल्यावर होतं. आम्ही तिघं टाकीतली खळ घेऊन स्वयंपाकघरात गेलो. अर्धी ओट्यावर झाकून ठेवली, अर्धी काकूंनी मिक्सरमध्ये फिरवली. भांड्याचं झाकण काढून त्यांनी चमचा बुडवला, उचलला, पुन्हा बुडवला. पाण्याचा एक थेंब न घालता खळ पातळ झाली होती. झाकून ठेवलेली मात्र तशीच घट्ट होती.

"म्हंजे आपण पंप नाही, मिक्सर लावून राहिलो," काकू दिरांना म्हणाल्या. "आन् मी त्याच्याहून मोठा मिक्सर मागून राहिली होती."

दीर पुढे आले. त्यांनी चमचा हातात घेऊन स्वतः पाहिलं.

आता योग्य पंप ठरवायचा होता, आणि हे काम मला आवडतं ते यासाठीच. खळ घट्ट, म्हणून तिला झोडपणारा पंप नको, उचलून पुढे ठेवणारा हवा. ती उकळती गरम, म्हणून आत रबर नको, स्टील हवं. कुंडाला लागते तेवढीच खळ द्यायची, म्हणजे परतीचा पाइप नकोच. मी निवडलेल्या पंपात पाकळ्यांसारखे दोन रोटर एकमेकांना न शिवता हळूहळू फिरतात आणि मधल्या जागेत खळ धरून पुढे नेतात.

दुकानात शेठनी माझं कोटेशन पाहून चष्मा काढला. "त्यांनी मोठा मागितला आणि तू असा संथ देतेस? उद्या कुंड कोरडं पडलं तर?"

"नाही पडणार. हिशोब दोनदा केला आहे. बसवताना मी स्वतः उभी राहीन."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि सही केली.

पंप बसवायच्या दिवशी मी पोचले, तर दिरांनी तो आधीच बसवून ठेवला होता, जुन्याच पाइपावर. मी पाठवलेल्या चित्रात टाकीकडून येणारा पाइप रुंद आणि सरळ होता. जुना अरुंद होता आणि दोनदा वळलेला. बटण दाबलं. पंप फिरू लागला, पण कुंडात काही पडेना. कोरडी खरखर ऐकू येताच मी तो बंद करायला लावला.

"मी म्हणलं नव्हतं?" दीर म्हणाले. "याच्यात दमच नाही."

"दम आहे, त्याच्या तोंडापर्यंत घासच पोचत नाही," मी म्हटलं. "घट्ट खळ एवढ्या बारीक पाइपातून येणार कशी? पंप टाकीला चिकटून खाली घ्या आणि पाइप रुंद लावा. मग नाही चालला, तर पंप मी परत नेते."

काकूंनी दिरांकडे पाहिलं. "भाऊजी, वेल्डरले बोलवा."

दुपार कलायच्या आत नवा पाइप लागला. पुन्हा बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग पाइपाच्या तोंडातून जाड, पांढरी, तकतकीत खळ दोरासारखी उतरू लागली आणि कुंडात घडी घालत बसली. मी नरसाळं काढलं. कुंडातली खळ टाकीतल्या खळीइतकीच लोळत, रेंगाळत उतरली. माझा ऊर असा भरून आला की मला दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

पण खरा निकाल मागांवर लागायचा होता. नव्या खळीचं सूत मागांवर चढलं, त्या दिवशी मी कुणी न बोलावता गेले. दारातच तो आवाज अंगावर आला. सगळे माग एकसारखे, न थांबता चालले होते. विणणारी बाई भिंतीला टेकून बसली होती आणि वाफाळता चहा फुंकर मारत पीत होती. मला पाहून तिने जागा सरकवून दिली. मीही बसले.

दीर आले. त्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "बाजूच्या सायझिंगवाल्याले तुमचा नंबर दिला. तो विचारून राहिला, तुमचा तो इंजिनिअर कवा येईल?"

"मग काय सांगितलं?"

"म्हणलं, तो नाही, ती म्हण. बाई आहे. आन् पंप ती म्हणंल तोच घे."

दुकानात परतले, तेव्हा शेठ फोनवर होते. बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्यात चिकट गाळ उपसायचा होता. त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "कधी जाशील?"

"आत्ता निघते," मी म्हटलं, आणि खुर्चीवर न बसताच हेल्मेट उचललं.