वयनीची रविवारची पंगत

रविवारी संध्याकाळी वयनी सगळ्यांच्या आधी जेवायला बसायची. पुरुषांच्या आधी, पाहुण्यांच्या आधी, गावाहून आलेल्या म्हाताऱ्यांच्याही आधी. खोलीच्या मधोमध चटईवर मांडी घालायची, पातेली स्वतःभोवती ओढून घ्यायची आणि म्हणायची, "बसा आता. जेका जा होया ता घेवा." लालबागच्या आमच्या चाळीत बायका सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खायच्या, त्या काळातली ही गोष्ट. शेजारणी तोंडाला पदर लावून कुजबुजायच्या. वयनीला ते ऐकू जायचं, म्हणून ती दार मुद्दाम सताड उघडं ठेवायची.

ती माझ्या थोरल्या काकांची बायको. बाबा तिला वयनी म्हणत, मालवणीत वहिनीला तसंच म्हणतात. त्यांचं ऐकून आम्ही मुलंही वयनीच म्हणायला लागलो आणि मग अख्खी चाळ. आठवडाभर ती खानावळ चालवायची. गावाला बायकामुलं ठेवून आलेले गिरणीकामगार तिच्याकडे पाळीपाळीने जेवून जात. पहिल्या पाळीवाले उठले की दुसऱ्या पाळीवाल्यांची पानं. रविवारी संध्याकाळी मात्र खानावळ बंद. आधी का बसतेस, असं माझ्या आत्याने एकदा टोचून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आटवडोभर मी वाढतंय. एक दिस माका कोणीतरी वाढूक होया." आत्या पुढच्या रविवारी आली ती तिच्याआधीच चटईवर बसली. वयनी खूश.

रविवारी आलेला प्रत्येक जण कामाला लागायचा. बाबा बांगडे साफ करायचे. काका नारळ खवायचे आणि करवंटीचा काळा भाग हमखास खोबऱ्यात पाडायचे, त्यावरून त्यांना जेवण होईपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं. ज्याचं ताट त्याने घासायचं, मग तो मिलमध्ये कामगारांवर हुकूम चालवणारा जॉबर का असेना. नियम असा एकच होता: शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पानावरून कुणी उठायचं नाही. "खानावळीत माणसा भोंग्याक भियान जेवतत," ती म्हणायची. "हय भोंगो नाय." त्यामुळे बोटं वाळेपर्यंत गप्पा चालत. आम्हा मुलांना झोप येई, पण उठायची टाप नव्हती.

मग गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला वाटलं, गणपतीपर्यंत मिटेल. मिटला नाही. खानावळीतली माणसं एकेक करून गावाला निघून गेली. वयनीच्या पातेल्यातून आधी सुरमई गेली, मग बांगडे गेले, मग सुकटीवर आलं आणि शेवटी कुळथाच्या पिठीवर. नातेवाईक तिच्यावर भार नको म्हणून काही ना काही सबबी सांगायला लागले. ती गॅलरीत उभी राहून खालून जाणाऱ्याला नावानिशी हाक मारायची. "जेवक येवचा नसात तर माझ्या दारावरसून जाव नकात!" एवढ्या लोकांदेखत असं म्हटल्यावर माणूस जाणार कुठे? जिना चढून यायचा आणि पिठीत भात कालवून बसायचा. मिलमालकाने कामगाराचा पगार तोडला, पण आमचा रविवार त्याला तोडता आला नाही. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

आणि मग संप चालू असतानाच माझे बाबा मिलमध्ये कामावर गेले. हेही मी लपवत नाही. आई बाळंतपणाला टेकली होती, घरातले डबे रिकामे होते. एका सकाळी ते जाळी लावलेल्या गाडीत बसून मिलच्या आत गेले. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. काका संपाच्या कमिटीत होते. सख्खा भाऊ फुटला, हे त्यांना परक्याच्या तोंडून कळलं. आमच्याशी कुणी बोलेना. नळावर आईची बादली बाजूला सरकवली जाऊ लागली.

त्या रविवारी आम्ही जाणारच नव्हतो. पण समोरच्या गॅलरीतून वयनीने अशी काही हाक मारली की बाबांना चप्पल घालावीच लागली. आम्ही पोचलो तेव्हा ती नेहमीसारखी मधोमध बसली होती. बाबा कोपऱ्यात टेकले, आणि काका ताटावरून उठले. तेवढ्यात कमिटीचे दोघे दारात येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं होतं, देव जाणे. त्यातला एक म्हणाला, "वयनी, ह्यो गद्दार आसा. ह्येका घरात घेतलंस?"

वयनी बसल्या जागेवरून हलली नाही. "माका ठावक आसा तो काय आसा," ती म्हणाली. "संप माझोव आसा. मोर्चात मी तुमच्या फुडे होतंय, तुमी खय होतात ता सांगू? पण रविवारी माझ्या घरात कोणी जेवचा, ता कमिटीन ठरवचा नाय." मग बाबांकडे वळून तिने त्याच आवाजात सांगितलं, "तुमचा चुकला, भावजीनु. तोंडार सांगतंय. आता जेवा."

बाबा भात नुसता कालवत राहिले. ते रडत होते, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. काका गॅलरीत कठड्याला धरून उभे. त्यांचं वाढलेलं ताट तसंच पडलेलं. वयनी दोघांसाठी बसून राहिली. तिचं जेवण कधीच झालं होतं, हात वाळून कडक झाला होता, पण ती उठेना आणि तिच्यामुळे कुणालाच उठता येईना. कमिटीवाले कंटाळून निघून गेले. शेवटी काका आत आले, ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसले आणि गार भात जेवले.

त्यानंतर वर्षानुवर्षं आमची पंगत तशीच बसली. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड केलेले काका, मध्ये वयनी. काकांना मीठ हवं असलं तर ते वयनीला सांगत, आणि ते बाबांपुढून उचलून ती काकांकडे सरकवी. त्यांचा समेट करायला आत्या सारखी बघायची. वयनीने तिला झापलं. "बोलूक होयाच असा काय नाय. जेवतत मां?" मला तेव्हा हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, तिला माणसं कळत होती. राग सोडा असं ती कुणालाच म्हणाली नाही, फक्त रागावलेल्या माणसालाही भूक लागते, एवढं तिने धरून ठेवलं.

मिल बंद पडली ती पडलीच. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, दोघेही घरी बसले. चाळींच्या जागी टॉवर आला, काका आणि वयनी वरच्या मजल्यावर गेले आणि आम्ही खालच्या. सुकट भाजल्याचा वास येतो म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला. वयनी म्हणाली, "वास येता मां? मगे भूक लागली आसतली. येवा जेवक." तो आला नाही. तिने स्वयंपाकघराची दुसरी खिडकीही उघडली.

गेल्या वर्षी वयनी गेली. सगळं कार्य झालं, लोक आपापल्या घरी गेले आणि रविवार उजाडला. संध्याकाळी बाबा बनियनवरच खिडकीशी बसले होते. आई म्हणाली, "वर जायचं?" बाबा म्हणाले, "कोण बोलावतंय आता? ती होती म्हणून मी बसत होतो तिथं." दिवा लावायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत.

बेल वाजली. दारात काका. लिफ्ट असून जिन्याने आले असावेत, धापा टाकत होते. पायपुसण्यावरच उभे राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बाबांकडे बघून बोलले.

"बाळा, पिठी केलंय. जाड झाली."

बाबा खिडकीकडून दाराकडे वळले.

"माझो राग गेलो नाय," काका म्हणाले. "पण एकट्यान जेवक जमना नाय."

बाबांनी खुंटीवरचा शर्ट काढला. ते खालची बटणं लावेपर्यंत काकाच पुढे झाले आणि त्यांनी वरची दोन लावून दिली. मग आम्ही सगळे वर गेलो. पिठी खरंच फार जाड झाली होती. पातेलं रिकामं होईपर्यंत आम्ही जेवलो.