एंटर दाबण्याआधी मोठ्यानं वाचलेला नंबर

मंडळी, तीन तासांपूर्वीची गोष्ट.

महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. आज स्टोरेजवरचा नवा, रिकामा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा कप्पा, फॉरमॅट करायचा होता; फॉरमॅट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. तेवढ्याच साइजच्या जुन्या व्हॉल्यूमवर सगळ्या बॅचेसचे लॅब रिपोर्ट आहेत. सर्व्हरनं दिलेल्या नावांत जुना एसडीबी, नवा एसडीसी, हे मला सकाळपासून पाठ.

दुपारी लाइट गेली. सर्व्हर परत चालू केला आणि एसडीसी फॉरमॅट करायची कमांड टाइप केली; एंटर तेवढं बाकी.

प्रिंटआउटसाठी थांबलेले स्टोअरमधले इस्माईलचाचा म्हणाले, "नंबर वाचलास काय रे? आमच्यात ड्रम कुठं उभा हाय ते नाय बघत. उघडायच्या आधी नंबर मोठ्यानं वाचतात."

त्यांचं मन राखायला व्हॉल्यूमचा कधी न बदलणारा आयडी काढला आणि भिंतीवर लावलेल्या आयडींच्या यादीशी ताडून वाचू लागलो. शेवटचे आकडे नव्याचे नव्हतेच. तो जुना होता! सर्व्हर चालू होताना नावांची अदलाबदल झाली होती. टाइप केलेली कमांड लगेच पुसली.

बॅकअपची टेप महिनाभर बिघडलेली आहे.

चाचा प्रिंटआउट घेऊन गेले. आपण काय वाचवलं हे त्यांना माहीतही नाही.

तुम्ही डिस्क कशावरून ओळखता? मला तर जरासुद्धा शंका आली नव्हती. भीती त्याचीच वाटतेय.