वायरमनचा अळू

भाटघरच्या पाण्याकाठी आमचं छोटं फार्महाऊस आहे. तिथं अंगणात गरम पाण्याचा टब बसवला, तेव्हा वायरिंगला भोरहून एक वायरमन आले. त्यांची एक सवय मला अजून उलगडलेली नाही. बोलण्याआधी ते ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबतात. करंट गळला तर माणसाला वाचवणारा हा खटका नीट पडला, की मग म्हणतात, "हां, सांगा."

अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशानं भरल्यावर त्यांनी शेजारी अळूचे कंद पुरले. मी कारण विचारलं.

"खड्डा वला ऱ्हायला पायजे, सुकला की अर्थिंग काम करत न्हाई. त्याला कुनी पानी घालत न्हाई. अळूला घालत्यात."

तेव्हापासून भोरच्या बाजारात भेटले की टबाची चौकशी कधीच नाही. "अळू कसा हाय?" एवढंच. वड्या केल्या म्हटलं की खूश.

यंदाच्या उन्हाळ्यात ते जाता जाता डोकावले. टबात पाहुणे बसले होते आणि अळूनं माना टाकल्या होत्या. त्यांनी कुणाला न विचारता मेन बंद केला.

"भाईर या समदी."

"अहो, पाणी गार होईल," एक पाहुणा वैतागला.

"व्हय, हुईल."

त्यांनी नळाची नळी खड्ड्यात सोडली आणि कट्ट्यावर बसले. मेन कधी लावणार, असं मी विचारलं.

"पानं उठू द्या."

मग टॉवेल गुंडाळलेले पाहुणे आणि मी, सगळेच अळूकडे बघत बसलो.