मिस ओझेलाच्या भाजीतलं मीठ

ओझेला टिब्ज कोंबडी डोळ्यांनी नाही, कानांनी तळायची. तेलात तुकडे पडले की आधी नुसता कल्लोळ उठतो. दहा-बारा मिनिटांनी तो बसत जातो, आणि मग एका क्षणी आवाज असा मऊ पडतो की हातातलं काम टाकून झारा उचलावा. सत्तावीस वर्षांत हा क्षण तिने कधी चुकवला नव्हता. म्हणून तिच्या हॉटेलात रविवारी दुपारी वाजवणाऱ्या मंडळींना एक दंडक होता: पहिला घाणा बाहेर येईपर्यंत ड्रमला काठी लावायची नाही. पियानो चालेल, बास चालेल, ड्रमवर फार तर ब्रश फिरवा. नवा ड्रमवाला आला की पियानोवाला क्लेव्हन बुकर त्याला आधी हे सांगायचा आणि गाणी कोणती वाजवायची ते नंतर.

हॉटेल प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर, पूर्वी जिथे न्हाव्याचं दुकान होतं त्या जागेत. टेबलं अकरा. न्हाव्याचा लांबलचक आरसा भिंतीवर तसाच आहे, आणि चर्चमधून आलेल्या बायका त्यात बघून डोक्यावरच्या हॅट सारख्या करतात. पियानो चर्चनेच दिलेला, नवा ऑर्गन आल्यावर. त्याच्या वरच्या तीन पट्ट्या मुक्या आहेत आणि क्लेव्हन त्यांना वळसा घालून वाजवतो. इतकी वर्षं झाली, आता त्या वाजल्या तरच कॅन्सस सिटीच्या या भागातल्या लोकांना चुकल्यासारखं वाटेल.

ओझेला नऊ वर्षांची असताना मामाच्या ट्रकमध्ये मागे बसून अर्कान्सासहून इथे आली. मोठी झाल्यावर एकोणीस वर्षं तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तिथे सगळं छापील कागदाप्रमाणे, मापाच्या चमच्याने. "एकोणीस वर्षं मी मोजून-मापून रांधलं," ती सांगायची, "आणि एका पोराने दुसऱ्यांदा वाढा म्हटलं नाही." स्वतःचं हॉटेल काढलं त्या दिवशी तिने मापाचे चमचे घरात ठेवले नाहीत. नवरा भला होता, पण लवकर गेला; वस्ती तिला मिस ओझेला म्हणते ती आदराने. मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी रोशेल, आता तीही पंचेचाळिशीची, टेबलं सांभाळायची. बाकी चूल ओझेलाची. तिच्या पातेल्यात चमचा घालून चव बघायची कुणाची हिंमत नव्हती, रोशेलचीसुद्धा नाही.

आणि ऑगस्टमध्ये तिच्या तोंडाची चव गेली.

दहा दिवस ताप आला. उतरल्यावर सकाळी तिने कॉफी घेतली, तर ते नुसतं गरम पाणी. लोणच्याची फोड खाल्ली, ती ओली आणि करकरीत लागली, बस. डॉक्टरीणबाई म्हणाली, "येईल हळूहळू. कधीकधी येतही नाही." ओझेला उठली. "बाळा, मी काय काम करते ठाऊक आहे का तुला?" एवढंच विचारून ती पर्स उचलून घरी आली.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. तिला भीती लोकांच्या हसण्याची नव्हती, त्यांच्या माया करण्याची होती. सगळे मिळून म्हणतील, मिस ओझेला, फार केलंत, आता खुर्चीत बसा, आम्ही वाढतो. बहात्तराव्या वर्षी माणसाला असं एकदा खुर्चीत बसवलं की मग उठवायला कुणी येत नाही. चूल गेली तर सकाळी पाचला उठायचं कशासाठी, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. म्हणून ती हाताच्या भरवशावर रांधत राहिली.

बरंचसं निभावलं. कोंबडी कानाने व्हायची, मॅकरोनी-चीज वरचा रंग बघून. गाडी अडली ती कॉलर्डच्या रुंद पानांच्या पालेभाजीत. पूर्वी त्या भाजीत डुकराचं हाड पडायचं. पण निम्म्या गिऱ्हाइकांना रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या, तेव्हा ओझेलाने धुरावलेली टर्कीची मान घालायला सुरुवात केली. या माना मुळात खारवलेल्या असतात, कधी कमी, कधी वाजवीपेक्षा जास्त. म्हणून आधी भाजीचं पाणी चाखायचं आणि मग मिठाला हात घालायचा. आता चाखून कळत नव्हतं, आणि हात आपला सवयीने मूठ भरून मोकळा होत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिस्टर इर्मा गुडलोने तोंड उघडलं.

सिस्टर ही चर्चमधली हाक; इर्मा तिथे लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची मुख्य. पांढरे हातमोजे, पांढरे बूट, बोलणं तिखट. तिचं आणि ओझेलाचं तीस वर्षांचं वैर मक्याच्या पावावरून होतं. इर्मा म्हणायची त्यात चमचाभर साखर हवी, ओझेला म्हणायची मग त्याला केक म्हणा आणि मेणबत्त्या लावा. तरी इर्मा दर रविवारी चार नंबरच्या टेबलावर हजर. नावं ठेवायलासुद्धा आधी खावं लागतं ना! त्या दिवशी दोन घास खाऊन तिने काटा खाली ठेवला आणि भर हॉटेलात, पियानोच्या वरताण आवाजात म्हणाली, "ओझेला, भाजी खारट झालीय. तोंडात घालवत नाही."

ओझेला दारात आली. "तुझ्या जिभेला गोड कधी लागलंय, इर्मा?"

"माझ्या जिभेचं सोड. तुझ्या पातेल्याचं बघ."

"सत्तावीस वर्षांत माझ्या पातेल्याला कुणी नाव ठेवलं नाही."

"तोंडावर नाही ठेवलं," असं म्हणून इर्माने पर्स उचलली आणि ती चालती झाली.

मग बाकीच्यांना जो चेव आला! वयाने मोठ्या बाईने प्रेमाने वाढलेलं बिघडलंय असं तिच्या तोंडावर सांगणं या वस्तीत पाप. आपल्या मयताच्या जेवणात जिने रांधलं, आपल्या पोरांच्या बारशाला जिने केक केला, तिला खारट म्हणायचं? एकेकाने ताट पुढे केलं. "मिस ओझेला, मला अजून घाला." "मिस ओझेला, मला घरीही बांधून द्या." खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून बिचारे आणखी मीठ खात होते. ओझेला मात्र खूश झाली. इर्मा जळते, हे तर ती तीस वर्षं म्हणतच होती.

पुढचे दोन रविवार इर्मा आली नाही. तिसऱ्या रविवारी दीडच्या सुमाराला रोशेल स्वयंपाकघरात आली आणि गोड चहाचा रिकामा कॅन पुन्हा भरायला लागली.

"हा कितवा गं?" ओझेलाने विचारलं.

"चौथा, आत्या. उकडतंय ना."

"ऑक्टोबरात?"

रोशेल बर्फ काढायला वळली ती वळलीच.

कोंबडीचा पहिला घाणा निघाला, बाहेर ड्रमवर पहिली काठी पडली, आणि ओझेलाने भाजीचं गरम पाणी मगात ओतलं. पहिला मग क्लेव्हनचा, पियानोवर नेऊन ठेवायचा, हा शिरस्ता. तो ठेवताना तिची नजर खाली गेली.

"क्लेव्हन, बुटाची नाडी सुटलीय तुझी."

"सुटली नाही, मिस ओझेला. सोडलीय."

"का?"

"पेडल मारायला बरं पडतं."

क्लेव्हन निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं या रस्त्यांवर पायी टपाल वाटलेला माणूस, आणि आपल्या पायांचा त्याला कोण अभिमान! ओझेला वाकली आणि तिने त्याच्या मोज्यावर अंगठा दाबला. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून?"

"उतरेल हो."

"क्लेव्हन बुकर, मी तुला विचारतेय."

त्याचा उजवा हात वाजवतच होता. "डॉक्टरने मीठ बंद केलंय. महिना झाला."

"आणि भाजी दोन-दोनदा मागून घेतोस? हा मग पितोस?" तिचा आवाज खाली आला. "खारट असते का रे?"

"मिस ओझेला, तुमच्या हातचं म्हणजे..."

"हाताचं नाही विचारलं मी. भाजी खारट असते का?"

डावा हात चुकला. बावीस वर्षांत तिने त्याचा हात चुकलेला ऐकला नव्हता. "असते," तो म्हणाला. "फार असते. मागच्या रविवारी घरी जाऊन मी नळालाच तोंड लावलं."

ओझेलाने वर बघितलं. प्रत्येक टेबलावर तिखट सॉसची लाल बाटली गळ्यापर्यंत भरलेली. भाजीवर दोन थेंब मारल्याशिवाय इथे कुणी घास घेत नाही, आणि आज कुणी बाटलीला हात लावलेला नव्हता, कारण त्या सॉसमध्येही मीठ असतं. ताटातली भाजी मात्र निमूटपणे संपत होती. तिला राग आला. लाज वाटली. आणि या सगळ्या माणसांनी आपल्याला जपण्यासाठी किती आठवडे काय गिळलं, हे लक्षात आल्यावर तिला रडूही आलं, पण ते तिने एप्रनला पुसलं. तिने क्लेव्हनच्या पुढचा मग उचलला.

"हे गाणं किती ताणता येईल तुला?"

"किती ताणू?"

"मी येईपर्यंत."

तिने गॅस बंद केला, वाडग्यात भाजी घेतली, वर झाकण ठेवलं आणि एप्रन घालूनच ती रस्त्यावर आली. इर्माचं घर दोन दारं सोडून. इर्मा ओट्यावर झुलत्या खुर्चीत बसली होती, बूट काढलेले, मांडीवर वाटी.

"काय खातेस?" ओझेलाने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"डब्यातलं सूप दिसतंय. रविवारी!"

"निदान मिठाचं प्रमाण तरी छापलेलं असतं त्यावर," इर्मा म्हणाली. "बोल. भांडायला आलीस का?"

ओझेला पायरीवर बसली. उभं राहून बोलण्यासारखं ते नव्हतं. "मला चव लागत नाही, इर्मा. ऑगस्टपासून. वासही येत नाही. मी नुसती हात हलवतेय."

इर्मा हसेल असं तिला वाटलं होतं. इर्माने वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी त्या दिवशी बोलले ते..."

"मला वाटलं, तू जळतेस."

"जळतेच की! तीस वर्षं जळतेय. पण म्हणून भाजी काही अळणी होत नाही." मग तिने विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुला."

"आख्ख्या वस्तीत मीच सापडले?"

"बाकीचे सगळे माझं मन राखतात. तुला ते येत नाही." ओझेलाने वाडगं पुढे केलं. "क्लेव्हनचे पाय सुजलेत, इर्मा. माझ्या भाजीने. चल माझ्याबरोबर."

इर्माने वाडग्यातला एक घास घेतला, डोळे मिटले, आणि मग ती गुपचूप बूट घालायला लागली. हातमोजे मात्र घरीच राहिले.

दोघी आत आल्या तेव्हा क्लेव्हन त्याच गाण्यावर होता आणि बासवाल्याच्या चेहऱ्यावर आता कसं थांबायचं हा प्रश्न होता. सिस्टर इर्मा स्वयंपाकघराच्या दारातून आत गेलेली बघून सगळ्यांचे काटे जागच्या जागी थांबले. ओझेला दारात उभी राहिली. पियानो आपोआप हळू झाला.

"भाजी परत करा," ती म्हणाली. "रोशेल, सगळी ताटं गोळा कर."

"मी खातोय ना, मिस ओझेला," चर्चचा कारभार बघणाऱ्या एका म्हाताऱ्या डीकनने ताटावर हात आडवा धरला. "छान झालीय."

"डीकन, चर्चमधून आत्ता आलात. खोटं बोलू नका." कुणी हसलं नाही. "माझी चव गेलीय. दोन-अडीच महिने झाले. मी लपवलं आणि तुम्ही ओळखून गप्प बसलात. तुम्ही मायेनं बसलात, मला माहीत आहे, पण असली माया मला नको. यापुढे हात माझा आणि जीभ इर्माची. ज्याला पटणार नाही त्याने आजच कोंबडी खाऊन घ्यावी."

मग मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "म्हणजे मक्याच्या पावात आता साखर पडणार का?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही!" ओझेला ओरडली, आणि आतून इर्माचा आवाज आला, "मी वाट बघेन." तेव्हा कुठे लोक हसले, आणि डीकनने ताटावरचा हात काढला. त्याच्या तोंडावर इतकी सुटका दिसत होती की रोशेललाच हसू आवरेना.

आत ओझेलाने सगळी भाजी निथळून घेतली, खारट पाणी ओतून दिलं. नवं पाणी, नवा पाला, चिरलेला कांदा, सिरक्याची धार. मिठाच्या बरणीला तिने हात लावला नाही. पाऊण तास दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि चर्चमधल्या नव्या गायिकेला नावं ठेवत होत्या. त्या बाबतीत त्यांचं एकमत होतं. मग ओझेलाने लाकडी चमचा पातेल्यात बुडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात दिला.

इर्माने फुंकर मारली. चाखलं. "चिमूटभर मीठ घाल. चिमूट म्हटलं, मूठ नाही." ओझेलाने घातलं. इर्माने पुन्हा चाखलं. "बरोबर आहे आता."

ओझेला हलली नाही. "एवढंच?"

"म्हणजे?"

"बरोबर आहे म्हणजे कशी आहे? सांग ना मला. माझ्या हातचं मला किती दिवसांत काही लागलेलं नाही."

इर्मा गुडलोने तीस वर्षांत या पातेल्याविषयी एक बरा शब्द काढला नव्हता. तिने पिठाचा डबा ओढला, त्यावर बसली, आणखी एक चमचा घेतला आणि तो तोंडात बराच वेळ घोळवला.

"आधी धूर लागतो," ती म्हणाली. "मग आंबट, नुसतं जिभेच्या टोकाला. मग पाला कडवट लागतो, पण त्रास देत नाही. आणि सगळ्यात शेवटी कांद्याची गोडी राहते."

"किती वेळ राहते?"

"गिळल्यावरही आहे अजून."

ओझेलाने डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते. मग तिने तोंड पुसलं आणि रताळ्यांचं पातेलं इर्मापुढे सरकवलं.

"आता यांचं सांग," ती म्हणाली.