पहिली मूठ करकोच्यांची

चराचरात भरून राहिलेल्या नारायणाला वंदन करून हे लिहितो. आज आमच्या शिवारात गव्हाच्या पेरणीस आरंभ झाला. त्या निमित्ताने तळ्याकाठची एक आठवण सांगणे कर्तव्य वाटते.

गोष्ट आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता त्या काळातली. इचोड्याहून आत असलेल्या आमच्या गावच्या तळ्यावर दिवाळीनंतर हिमालयापलीकडचे करकोचे उतरत. पेरणीच्या दिवशी बियाण्यातली पहिली मूठ त्यांच्यासाठी काठावर टाकायची आणि मगच तिफण धरायची, असा गावाचा रिवाज होता.

आदिलाबादहून एक गृहस्थ दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन हे पक्षी मोजायला येत. गाव थट्टा करी, "आले पाखरायचे पटवारी. यंदा पहाणीच्या वहीत किती चढले?" ते हसत आणि मोजत राहत. एका पक्ष्याच्या पायात परदेशात घातलेली कडी होती. ती दिसली की त्यांचा चेहरा उजळे. माझ्या शेजारची निपुत्रिक, म्हातारी विधवा त्या पक्ष्याला 'वाळेवाली' म्हणे. लेक माहेरी आल्यासारखी ती काठावर त्याच्याकडे पाहत बसे. नवऱ्याच्या नावाने ती मुठीऐवजी सूपभर दाणे टाकी.

एका वर्षी तिने प्रथमच बाजारचे बियाणे आणले. औषध चोळलेले, तांबूस. टाकण्यापूर्वी तिने ते घागरभर पाण्याने धुतले. रंग उतरला, तेव्हा औषधही उतरले असे तिला वाटले.

दुसऱ्या सकाळी कितीतरी करकोचे काठावर माना टाकून पडले होते. त्यांत वाळेवालीही होती.

मोजणीवाल्या गृहस्थांनी एकाची चोच उघडून आतले दाणे पाहिले आणि ते माझ्याकडे आले. इतरांची पेरणी व्हायची होती आणि त्यांच्या घरांतही औषधाचे बियाणे आले होते. गप्प बसलो तर उरलेला थवाही जाईल, असे ते म्हणाले. बोललो तर म्हातारीचे काय होईल, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. गावचा पुजारी म्हणून गाव माझा शब्द मानीत असे, म्हणून तिच्याकडे मीच गेलो.

तिने सगळे ऐकून घेतले. "म्या तं धुऊन देल्लं, महाराज," एवढेच ती म्हणाली. जन्मभर पाठ केलेली स्तोत्रे बाजूला ठेवून मी तिची काठी तिच्या हाती दिली आणि तिच्यासोबत तळ्याकडे निघालो.

ती तळ्यावर आली तेव्हा ते गृहस्थ वाळेवालीच्या पायातली कडी काढीत होते. ही जिथे घातली त्या देशी कळवावे लागते, असे त्यांनी तिला समजावले.

"हिच्या सासरी काय सांगसान?" तिने विचारले.

त्यांनी कडी रुमालाने पुसून तिच्या तळहातावर ठेवली.

"खरं सांगजा, बाप्पा. माह्या हातानं गेली म्हना."

मग ती चिखलात बसून दाणे वेचू लागली. थट्टा करणारेही तिच्या शेजारी बसून वेचू लागले. त्या दिवसापासून औषधाचे बियाणे कुणी काठावर नेले नाही. पण चिखलात रुतलेला दाणा न् दाणा हाती कसा लागणार? आणखी काही पक्षी गेले. उरलेला थवा उडाला, तो पुन्हा आला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गृहस्थ रिकाम्या तळ्याकडे पाहत बसले, तेव्हा पहाणी कुणी विचारली नाही.

म्हातारी जिवंत असेपर्यंत दरवर्षी घरचे, बिनऔषधाचे दाणे त्याच जागी ठेवी. साळुंक्या ते खात. आज सकाळी ती मूठ मी ठेवली. आभाळ रिकामे होते.

वाचकहो, तुमच्या हातून दुसऱ्याच्या मुखी जाणारे अन्न निर्विष असो. तुमच्या दारी आलेला पाहुणा सुखरूप आपल्या घरी पोहोचो, आणि तो नारायण तुम्हाला व तुमच्या लेकराबाळांना सांभाळो.